सर्जनचा डोळा साहाय्यकाच्या हाती : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील सरावाचा इतिहास

प्रस्तावना

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सर्जनांच्या नावांनी सांगितला जातो. पहिले पित्ताशय कोणी काढले, पहिले आंत्रपुच्छ कोणी काढले, कोणत्या शहरात व कोणत्या साली, अशी त्याची मांडणी असते. परंतु या शस्त्रक्रियेत सर्जनच्या शेजारी उभी राहून दुर्बीण धरणारी आणखी एक व्यक्ती असते. पोटाच्या आत सर्जनला जे काही दिसते ते या व्यक्तीच्या हातामुळे दिसते. तिचा हात थरथरला की पडदा थरथरतो, आणि तिचे लक्ष उडाले की सर्जनची दृष्टी हरवते. या व्यक्तीला तिचे काम कोठे, कशावर आणि कोणत्या कसोटीने शिकविले गेले, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही.

प्रस्तुत लेखात रुग्णाला हात लावण्याआधीच्या सरावाची परंपरा आणि तिचे अलीकडचे रूप, म्हणजे संगणकावरील आभासी सराव, यांचा थोडक्यात मागोवा घेतला आहे. आपल्या महाविद्यालयांतील अनेक मुले-मुली आज ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ, परिचारिका व तत्सम अभ्यासक्रमांकडे वळत आहेत. त्यामुळे हा विषय केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही.

१. रुग्णाआधी सराव : जुनी परंपरा

हाताला आधी निर्जीव वस्तूवर वळण लावावे, हा विचार संगणकाच्या युगाचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, ‘योग्यासूत्रीय’, केवळ याच विषयाला वाहिलेला आहे. ‘योग्या’ म्हणजे सराव. छेदनाचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनाचा सराव पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर करावा. शीर वेधण्याचा सराव मृत जनावरांच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठांवर करावा. टाके घालण्याचा सराव जाड-बारीक कापडाच्या कडांवर व मऊ चामड्यावर करावा, असे तेथे तपशीलवार सांगितले आहे. पट्ट्या बांधण्याचा सराव तर मनुष्याकृती पुतळ्याच्या अवयवांवर करावयाचा आहे. शास्त्र पढलेला पण हाताने सराव न केलेला शिष्य कामाला अपात्र, असा या अध्यायाचा स्पष्ट रोख आहे. प्रत्येक क्रियेसाठी तिला साजेशी वस्तू निवडलेली आहे, हे त्यातील विशेष होय.

दुसरा दाखला कोर्दोव्याजवळील मदीनतुज्जहरा येथील अबुल कासिम अज्जहरावी (मृत्यू इ.स. १०१३) यांचा. त्यांच्या ‘किताबुत्तसरीफ’ या ग्रंथाचे तीस भाग असून शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे दोनशे शस्त्रांच्या आकृत्या आहेत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचा लॅटिन अनुवाद केला आणि पुढे युरोपात तो कित्येक शतके अभ्यासला गेला. या भागाच्या प्रास्ताविकात अज्जहरावी आपल्या काळात कुशल शस्त्रवैद्य उरले नसल्याची खंत व्यक्त करतात. शरीररचना न जाणणाऱ्या वैद्यांच्या हातून रुग्ण कसे दगावले, याची उदाहरणे ते नोंदवितात. एका वैद्याने स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना धमनी छेदली आणि ती रक्तस्रावाने गेली, हे त्यांपैकी एक.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा भाग स्त्रियांच्या मूतखड्याविषयीचा आहे. मर्यादेच्या संकेतांमुळे पुरुष वैद्याला तेथे स्वतः काम करता येत नसे. अशा वेळी कुशल स्त्रीवैद्य न मिळाल्यास सुइणीला बोलवावे व पायरीपायरीने सूचना देत तिच्याकडून शस्त्रक्रिया करवून घ्यावी, असे ते सांगतात. ज्ञान एकाचे आणि हात दुसऱ्याचा, अशी ही रचना आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात सर्जनचा आणि दृष्टी साहाय्यकाच्या हवाली, अशी तिची उलटी आवृत्ती दिसते. दोन्हींत दोघांमधील भाषा चुकली तर फटका रुग्णाला बसतो.

तिसरा दाखला अठराव्या शतकातील फ्रान्सचा आहे. अँजेलिक द्यु कुद्रे या सुईणीने कापड, चामडे व हाडे वापरून स्त्रीच्या कटिभागाची पूर्णाकृती प्रतिकृती तयार केली. तिच्यात अर्भकाची बाहुली निरनिराळ्या स्थितींत ठेवून बाळंतपण शिकविता येई. पंधराव्या लुई राजाने १७५९ साली तिला देशभर फिरून शिकविण्याची सनद दिली. पुढील सुमारे पाव शतक तिने गावोगावी वर्ग घेतले आणि हजारो स्त्रियांना तयार केले. त्यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या. तिचे एक ‘यंत्र’ आजही रूआं येथील वैद्यकीय इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. ते मुख्यतः ग्रामीण सुइणींसाठी होते, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. म्हणजे वैद्यकीय उतरंडीत ज्या सर्वांत खाली मानल्या जात, त्यांच्यापर्यंत सराव आधी पोहोचविला गेला. पुढील इतिहासात हा क्रम उलटलेला दिसतो.

२. दुर्बीण आणि पडदा

१९०१ साली जर्मनीतील गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आत पाहण्याचे प्रात्यक्षिक हॅम्बुर्ग येथे दाखविले. १९१० साली स्वीडनच्या हान्स ख्रिस्तियान याकोबेउस यांनी माणसांवरील तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढील कित्येक दशके हे तंत्र मुख्यतः रोगनिदानापुरते व स्त्रीरोगशास्त्रापुरते मर्यादित राहिले. १९८० साली कील येथील कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीद्वारे आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांना प्रशंसेपेक्षा टीकाच अधिक सोसावी लागली. १९८५ साली ब्यॉब्लिंगन येथे एरिक म्यूअ यांनी पहिले पित्ताशय काढले. त्यांचेही स्वागत थंडेच झाले. १९८७ साली लियों येथील फिलिप मूरे यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि तेथून ती झपाट्याने जगभर पसरली.

या प्रवासातील एक साधा वाटणारा बदल निर्णायक ठरला. पूर्वी सर्जन दुर्बिणीच्या भिंगाला स्वतःचा डोळा लावून पाहत असे. त्याचा एक हात दुर्बिणीत अडकलेला असे आणि शेजारच्यांना आतले काही दिसत नसे. १९८०च्या दशकात दुर्बिणीला जोडता येईल असा लहान व्हिडिओ कॅमेरा आला व आतील दृश्य मॉनिटरवर दिसू लागले. सर्जनचे दोन्ही हात मोकळे झाले. पण त्याची किंमत अशी की दुर्बीण आता साहाय्यकाच्या हाती गेली.

हे काम वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात पोटात कर्बवायू भरून तयार केलेल्या पोकळीत, पाच किंवा दहा मिलिमीटरच्या छिद्रातून हे सारे चालते. छिद्र हा टेकू होतो. त्यामुळे बाहेरचा हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. पडदा सपाट असल्याने खोली कळत नाही. शिवाय अनेकदा दुर्बिणीचे भिंग तीस अंशांनी तिरपे असते. ती फिरविताना प्रकाशाची केबल एका हाताने वळवायची आणि कॅमेऱ्याचे डोके दुसऱ्या हाताने स्थिर ठेवायचे असते. नाहीतर पडद्यावरचे दृश्यच कलते आणि सर्जनला वर-खालीचा अंदाज राहत नाही. हे कौशल्य केवळ पाहून येत नाही.

३. पित्तनलिकेचा धडा

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे तंत्र पसरले तेव्हा ते शिकण्याची व्यवस्था मात्र तयार नव्हती. वर्षानुवर्षे पोट उघडून शस्त्रक्रिया केलेले सर्जन दोन-तीन दिवसांच्या शिबिरांत डुकरांवर सराव करून परतत आणि लगेच रुग्णांवर काम सुरू करीत. परिणाम लवकरच दिसू लागला. पित्ताशयाची नळी समजून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचे प्रसंग घडले. अशा रुग्णाला पुढे मोठ्या शस्त्रक्रियांना व आयुष्यभराच्या त्रासाला तोंड द्यावे लागते.

अमेरिकेतील ‘सदर्न सर्जन्स क्लब’ने १९९१ साली १५१८ शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. पित्तनलिकेला इजा झालेले रुग्ण सात, म्हणजे सुमारे अर्धा टक्का होते. परंतु प्रत्येक सर्जनगटाच्या पहिल्या १३ रुग्णांत हे प्रमाण २.२ टक्के, तर त्यानंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का इतके होते. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे शिकण्याची किंमत, आणि ती शिकणाऱ्याने दिली नव्हती. १९९२ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने स्वतंत्रपणे ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी देखरेखीखाली १५ शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात, अशी मार्गदर्शक सूचना काढली. देखरेख आली, तरी पहिला सराव रुग्णाच्याच देहावर व्हायचा, हा प्रश्न उरलाच.

४. वैमानिकांकडून घेतलेला मार्ग

याच स्वरूपाचा प्रश्न विमानविद्येत आधी सुटला होता. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली, वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भात्यांचे तंत्र वापरून, जमिनीवरच हलणारे खोटे विमान तयार केले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः करमणुकीच्या उद्यानांचे. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतूक सोपविण्यात आली आणि खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून उड्डाणाचा सराव नसलेले वैमानिक काही आठवड्यांतच मृत्युमुखी पडू लागले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे खरेदी केली. यंत्र पाच वर्षे उपलब्ध होते; त्याची गरज मृत्यूंनी पटवून दिली.

शस्त्रक्रियेतही पित्तनलिकेच्या इजांनंतरच हालचाल वाढली. अमेरिकी लष्करातील सर्जन रिचर्ड सटावा यांनी १९९३ साली डोक्यावर घालावयाचा पडदा व संवेदक-हातमोजा यांच्या साहाय्याने पोटाच्या आभासी प्रतिकृतीची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यातील अवयव व्यंगचित्रासारखे ढोबळ होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे रोरी मक्लॉय, रॉबर्ट स्टोन व सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया बारकाईने पाहून तिचे हाताच्या मूळ क्रियांत विभाजन केले : पकडणे, एका हातातून दुसऱ्या हातात देणे, उपकरण बदलणे, नेमक्या जागी विद्युतदाह देणे. १९९७ साली त्यांचे ‘मिस्ट-व्हीआर’ हे यंत्र अभ्यासकांसमोर आले. त्यात यकृत नव्हते, रक्तही नव्हते. साध्या संगणकाच्या पडद्यावर फक्त गोल आणि चौकटी होत्या. मात्र प्रत्येक हालचालीचा वेळ, चुका आणि हाताने कापलेले अंतर यंत्र मोजत असे.

आपल्याकडे अक्षर गिरविण्याची पद्धत आठवली तर हे लगेच कळते. जुन्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षर गिरवीत; उर्दू शिकणारी मुले मुलतानी मातीने सारवलेल्या तख्तीवर बोरूने ‘मश्क’ करीत व तख्ती धुऊन पुन्हा लिहीत. तख्ती पुस्तकासारखी दिसावी अशी अपेक्षा कोणी केली नाही. वळण चुकले की उस्ताद तेथेच दाखवी आणि वळण बसेपर्यंत कागद हाती मिळत नसे. सराव उपयोगी ठरला तो याच दोन गोष्टींमुळे.

५. पुरावा काय सांगतो?

आभासी सरावाचा उपयोग प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत होतो का, याची पहिली गाजलेली चाचणी येल विद्यापीठातील नील सीमोर व सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. १६ निवासी डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाने अनुभवी सर्जनांनी गाठलेली पातळी येईपर्यंत ‘मिस्ट’वर सराव केला. नंतर सर्वांनी रुग्णांवर पित्ताशय सोडविण्याचे काम केले आणि चित्रफिती तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातील हे सांगितले नव्हते. सराव केलेल्या गटाचे काम २९ टक्के लवकर झाले. सराव नसलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे दाह लागण्याची शक्यता पाचपट होती.

२००९ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी २४ शिकाऊ स्त्रीरोगतज्ज्ञांवर अशीच चाचणी प्रसिद्ध केली. आभासी यंत्रावर तयार झालेल्यांचे काम २० ते ५० शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरच्या तोडीचे ठरले. त्यांना सरासरी १२ मिनिटे लागली, तर दुसऱ्या गटाला २४.

तरीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात अशा आठच चाचण्या, एकूण १०९ शिकाऊ सर्जनांच्या, निकषांत बसल्या. वेळ व कौशल्य यांत फायदा दिसला. रुग्णाच्या प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, हे त्यातून सिद्ध झाले नाही. मोजलेला सराव हाताला वळण लावतो, एवढेच ठामपणे म्हणता येते, आणि तेही कमी नाही.

६. साहाय्यकाला कोणी शिकविले?

या सर्व चाचण्यांत शिकणारा कोण होता? जवळजवळ नेहमी शिकाऊ सर्जन. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या ‘फंडामेंटल्स ऑफ लॅपरोस्कोपिक सर्जरी’ या कार्यक्रमात पेटीतील पाच हस्तकौशल्यांची परीक्षा घेतली जाते आणि २००९-१० पासून ती तेथील सामान्य शल्यचिकित्सेच्या प्रमाणपत्रासाठी आवश्यक झाली. त्या पेटीतील कॅमेरा मात्र एका जागी पक्का बसविलेला असतो. दुर्बीण धरण्याचे कौशल्य पाचांत नाही. दुसरीकडे, १९९०च्या दशकाच्या मध्यापासून दुर्बीण धरणारा यंत्रहात बाजारात आला. साहाय्यकाला शिकविण्याआधी त्याच्या जागी यंत्र आणण्याचा विचार झाला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

अर्थात अपवाद आहेत. स्वीडनमधील ‘लॅपसिम’ या यंत्राच्या पाठ्यक्रमाची सुरुवातच दुर्बीण हाताळण्याच्या पाठाने होते. न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली स्वस्त पेटीवर दुर्बीण-हाताळणीचा सराव प्रसिद्ध केला. २००७ साली मॅसॅच्युसेट्समधील संशोधकांनी नवख्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तिरप्या भिंगाच्या दुर्बिणीचा आभासी सराव दिला, तेव्हा प्राण्यावरील प्रत्यक्ष कामात त्यांची हाताळणी सुधारलेली आढळली. म्हणजे हे कौशल्य शिकविता येते आणि मोजताही येते. ते शिकविले जात नाही, कारण ते कौशल्य आहे हेच अनेकांना मान्य नाही.

७. आपल्याकडील स्थिती

भारतात या शस्त्रक्रियेचा आरंभ मुंबईत झाला. जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० साली देशातील पहिले पित्ताशय दुर्बिणीद्वारे काढले. गरीब रुग्ण लवकर कामावर परततो, म्हणून हे तंत्र श्रीमंतांपेक्षा त्याच्या अधिक उपयोगाचे आहे, असा त्यांचा आग्रह होता. आज तालुक्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया होते. लहान रुग्णालयांत दुर्बीण धरणारी व्यक्ती पुष्कळदा शिकाऊ डॉक्टर नसते. परिचारिका किंवा तंत्रज्ञ असते.

२०१९च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमाबरोबर वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक ठरली. २०२१ साली संसदेने संमत केलेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ आणि एंडोस्कोपी व लॅपरोस्कोपी तंत्रज्ञ यांचा उल्लेख आला. म्हणजे या कामाला कायद्याने नाव मिळाले. सरावाची जागा मिळणे अद्याप बरेचसे संस्थाचालक आणि शिक्षक यांच्यावर अवलंबून आहे.

महागडे यंत्र नाही म्हणून काही करता येत नाही, ही सबब इतिहास मान्य करीत नाही. छिद्रे पाडलेली पेटी, साधा कॅमेरा आणि पडदा एवढ्यावरही पाठ घेता येतो. झेम यांनीही सरावासाठी पारदर्शक पेटीच वापरात आणली होती. पेटीत क्रमांक लावलेली चित्रे ठेवावीत. विद्यार्थ्याने ती ठरलेल्या क्रमाने पडद्याच्या मध्यभागी आणावीत, दृश्य कलू देऊ नये, हलणाऱ्या उपकरणाच्या मागे राहावे. वेळ व चुका वहीत मांडाव्यात. एखाद्या अनुभवी साहाय्यकाची पातळी ही कसोटी ठरवावी आणि ती सलग दोनदा गाठल्याशिवाय थिएटरमध्ये दुर्बीण हाती देऊ नये.

भाषेच्या शिक्षकालाही येथे काम आहे. ‘वर घे’ म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेकडे की रुग्णाच्या डोक्याकडे? ‘जवळ’ म्हणजे दुर्बीण पुढे न्यायची की दृश्य मोठे करायचे? बेळगावच्या थिएटरमध्ये मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी एकाच वेळी कानावर पडतात. अशा ठिकाणी सूचनांचे आठ-दहा ठरीव शब्द आधीच पक्के करून घेणे, साहाय्यकाने सूचना उच्चारून मग हालचाल करणे, हा सराव कोणत्याही वर्गात घेता येईल. त्याला यंत्र लागत नाही.

समारोप

सुश्रुतांचा कोहळा, द्यु कुद्रे यांची कापडी प्रतिकृती आणि मँचेस्टरच्या पडद्यावरील गोल यांत एक समान तत्त्व आढळते : क्रियेचे भाग पाडावेत, प्रत्येक भागाला साजेशी वस्तू द्यावी, चूक तेथेच दाखवावी आणि ठरलेली पातळी येईपर्यंत रुग्णापासून दूर ठेवावे. आभासी यंत्राने यात अचूक मोजमापाची भर घातली. परंतु द्यु कुद्रे यांनी ज्या सुइणींसाठी आयुष्य वेचले, त्यांच्या जागी आज उभ्या असलेल्या साहाय्यकांपर्यंत ही भर अजून पुरेशी पोहोचलेली नाही. त्यांपैकी अनेक जण आपल्याच वर्गांतून जाणार आहेत. पहिल्या १३ रुग्णांचा तो आकडा त्यांच्या हातांनी पुन्हा लिहिला जाऊ नये, यासाठी आपल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत दुर्बीण-हाताळणीचा मोजलेला पाठ समाविष्ट करावा आणि तो उत्तीर्ण होणे ही थिएटरमधील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची पूर्वअट मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.